केसपेपरवर नसलेला प्रश्न

(जागतिक मूत्रपिंड दिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मार्च महिन्याचा दुसरा गुरुवार हा २००६ पासून जगभर मूत्रपिंड दिन म्हणून पाळला जातो. या दिवशी प्रशासनाने विभागाच्या कामाचा आढावा मांडावा, अशी आपल्याकडे प्रथा आहे. यंत्रे, सत्रे, सवलती आणि देणग्या यांचे आकडे वार्षिक अहवालात यथास्थित छापले जातीलच. म्हणून आज ते बाजूला ठेवून आम्ही अशा विषयाकडे वळणार आहोत, ज्याचा रकाना केसपेपरवर सहसा नसतो. डायलिसिसवर असलेल्या माणसांचे लैंगिक आरोग्य आणि त्यांचे मनःस्वास्थ्य हा तो विषय होय.

सभागृहात सासू-सुना, बाप-लेक एकाच रांगेत बसले आहेत, हे आम्हांला दिसते आहे. संकोच वाटणे स्वाभाविक आहे. आमचेही शिक्षण वाणिज्य शाखेतले आणि उभी हयात ताळेबंदात गेलेली, तेव्हा या विषयावर बोलण्याचा आम्हांला अधिकार काय, असे कोणी विचारल्यास ते रास्तच ठरेल. वैद्यकीय स्वरूपाची जी विधाने पुढे येतील ती विभागातील डॉक्टरांनी तपासून दिलेली आहेत. रुग्णांचे जे अनुभव सांगू, त्यांतील ओळख पटवणारे तपशील बदललेले आहेत. उरलेले आमचे निरीक्षण आहे, आणि ते रुग्णालय चालवण्याच्या कामाशी संबंधित आहे.

प्रथम एक साधा हिशेब. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास, म्हणजे वर्षाला १५६ सत्रे आणि ६२४ तास. येण्याजाण्याचा वेळ यात धरलेला नाही. सख्ख्या भावाशीही एवढ्या भेटी होत नाहीत. या भेटींतून रुग्णाचे वजन आम्हांला शंभर ग्रॅमपर्यंत ठाऊक असते. दोन सत्रांमध्ये तो किती पाणी प्याला, त्याचे हिमोग्लोबिन किती, पोटॅशियम किती, हे तोंडपाठ असते. सणावाराला त्याने श्रीखंड खाल्ले की केळी, हेही सिस्टरना कळते. मात्र घरी गेल्यावर तो नवरा म्हणून कसा जगतो, ती पत्नी म्हणून कशी जगते, याविषयी दोन्ही बाजूंनी मौन असते. डॉक्टरांना वाटते, रुग्णाला त्रास असेल तर तो सांगेल. रुग्णाला वाटते, महत्त्वाचे असते तर डॉक्टरांनी विचारले असते.

या मौनाला इतिहास आहे. डॉ. विलेम कोल्फ यांनी हॉलंडमध्ये १९४३ साली कृत्रिम मूत्रपिंडाचा पहिला प्रयोग केला, तेव्हा रोगी रात्र काढतो की नाही, एवढाच प्रश्न होता. १९६० साली अमेरिकेतील सिॲटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायम ठेवता येईल अशी नळी वापरात आणली आणि त्यामुळे तीच व्यक्ती पुन्हा पुन्हा यंत्रावर घेता येऊ लागली. पुढे १९६६ मध्ये शीर आणि रोहिणी जोडून केलेला फिस्टुला आला. रात्र काढण्याचा प्रश्न वर्षे काढण्यावर आला. आणि वर्षे काढायची म्हटली की संसार आलाच.

आता शरीरात काय होते, ते थोडक्यात सांगतो. मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तातील संप्रेरकांचा तोल ढळतो. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन घटते, स्त्री-पुरुष दोघांतही प्रोलॅक्टिन वाढते. रक्तक्षयामुळे जिना चढतानाही धाप लागते, तिथे अन्य कशाची इच्छा कोठून होणार? आपल्याकडील बऱ्याच रुग्णांचा आजार मधुमेहातून आलेला असतो. त्या मधुमेहाने बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू आधीच दुखावलेले असतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचाही परिणाम होतो. डायलिसिसवरील निम्म्याहून अधिक पुरुषांना ताठरतेचा त्रास असतो, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांतून दिसले आहे. म्हणजे ज्याला आपण एकटाच असे वाटते, त्याच्या शेजारच्या खुर्चीवरचा गृहस्थही बहुधा तेच मनात धरून बसलेला असतो.

स्त्रियांच्या बाबतीत अवस्था अधिकच अबोल आहे. मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते, योनिमार्ग कोरडा पडतो, संबंध वेदनादायक होतात, इच्छा मावळते. येथे एक गंमत सांगावीशी वाटते, अर्थात ती गंमत म्हणण्यासारखी नाही. आपल्या विभागात ‘पाळी’ हा शब्द दिवसातून शंभरदा उच्चारला जातो. तुमची पाळी कोणती, सकाळची की दुपारची? तोच शब्द दुसऱ्या अर्थाने एखाद्या भगिनीला विचारला गेल्याचे मात्र क्वचितच कानी येते. आणि ते विचारणे आवश्यक आहे, कारण पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणारच नाही, अशी खात्री नसते. डायलिसिसवर गर्भधारणा विरळा असली तरी होते. ती निभावायची तर डायलिसिसचे तास बरेच वाढवावे लागतात, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या गर्भाला अपायकारक असल्याने आधीच बदलाव्या लागतात. मूल हवे असो वा नको, दोन्ही परिस्थितींत बोलणे आधी झालेले बरे.

हे सारे शरीरशास्त्र झाले. परंतु आमच्या पाहण्यात असे आले की, दांपत्यजीवन अनेकदा शरीराच्या आधी समजुतीमुळेच थांबते. फिस्टुला केल्यानंतर सिस्टर सूचना देतात की, या हातावर सुई टोचू देऊ नका, रक्तदाब मोजू देऊ नका, या हातावर भार देऊन झोपू नका. सूचना अगदी बरोबर आहे. एका दांपत्याने तिचा अर्थ असा घेतला की, एकत्र झोपायचेच नाही. त्या गृहस्थांनी हॉलमध्ये खाट टाकली. दीड वर्षानंतर त्यांच्या पत्नीने एका सिस्टरना बाजूला घेऊन हळूच विचारले, “ताई, हात बरा व्हायला अजून किती दिवस लागतील हो?” फिस्टुला ही जखम नव्हे, हात बराच आहे, फक्त त्यावर भार येऊ नये, एवढे सांगायला दोन मिनिटे लागली. त्या दोन मिनिटांसाठी दीड वर्ष गेले होते.

फिस्टुल्याच्या हातात घट्ट बांगड्या घालू नयेत, हीही अशीच एक सूचना. वैद्यकीय दृष्ट्या योग्य. परंतु आपल्या समाजात सवाष्णीचा हात मोकळा असणे म्हणजे काय, ते येथे बसलेल्या भगिनींना वेगळे सांगायला नको. हळदीकुंकवाला जायचे सोडून दिलेल्या एक ताई आम्हांला माहीत आहेत. उशाशी घेतलेल्या हातातून रात्री जी घरघर ऐकू येते, तिची भीती वाटणारे जोडीदार आहेत. मानेत नळी असलेल्या रुग्णाजवळ जायलाच घरचे कचरतात. नळी कोरडी ठेवावी, ओढली जाऊ नये, एवढीच काळजी पुरे असते. पोटाच्या डायलिसिसची नळी असेल तर पाणी आधी काढून टाकले की अवघडलेपण कमी होते. मूत्रपिंडाचा आजार स्पर्शाने, सहवासाने किंवा संबंधाने लागत नाही. संबंधामुळे तो बळावतही नाही. ‘धातू’ जाऊन शक्ती जाते, मग आजार वाढतो, ही समजूत पिढ्यानुपिढ्या चालत आली आहे. तिला शास्त्राचा आधार नाही.

येथे एका अपवादाचा उल्लेख करणे भाग आहे. हिपॅटायटिस बी हा यकृताचा आजार रक्तातून तसाच लैंगिक संबंधातूनही पसरतो. डायलिसिसच्या रुग्णांना तो होण्याचा धोका अधिक, म्हणून त्यांना लशीची मात्राही दुप्पट द्यावी लागते, आणि ज्यांना लागण झाली आहे त्यांचे यंत्र वेगळे ठेवले जाते. रुग्णाचे यंत्र वेगळे केले, पण त्याच्या पत्नीची तपासणी आणि लस राहून गेली, तर अर्धेच काम झाले असे समजावे. यंत्र वेगळे करण्याचा निर्णय ज्या दिवशी होतो, त्याच दिवशी जोडीदाराला बोलावण्याचे पत्र निघावे, असा नियम आता केला आहे. लस पूर्ण होऊन प्रतिकारशक्ती आल्याची खात्री होईपर्यंत निरोध वापरावा, हे तोंडी स्पष्ट सांगितले जाते.

न बोलण्याचे परिणाम केवळ दांपत्याच्या खोलीपुरते राहत नाहीत. चाळिशीतील एका रुग्णाला कोठूनतरी कळले की, रक्तदाबाच्या गोळीमुळे पुरुषत्व जाते. त्यांनी कोणालाही न सांगता गोळ्या बंद केल्या. पंधरवड्यानंतर पहाटे त्यांना अतिदक्षता विभागात आणावे लागले, छातीत पाणी भरलेले, रक्तदाब मोजता येईना इतका चढलेला. ते वाचले. त्यांची शंका पूर्णपणे निराधारही नव्हती. गोळी बदलून देता येत होती, आणि नंतर ती बदललीच. दुसरे एक गृहस्थ ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ अशी भिंतीवरची जाहिरात वाचून भस्माच्या पुड्या घेत होते. अशा औषधांवर, खरे तर त्यांच्या जाहिरातींवर, १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने बंदी आहे. भिंती मात्र तो कायदा वाचत नाहीत. अशा पुड्यांत शिसे किंवा पारा असेल तर उरलीसुरली मूत्रपिंडेही जातात. डायलिसिसवर असूनही रोज पेलाभर लघवी होणे ही किती मोठी पुंजी असते, ते येथील प्रत्येक रुग्ण जाणतो. तिसरा धोका औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या गोळीचा. सिल्डेनाफिल हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने, बेताच्या मात्रेत अनेक रुग्णांना उपयोगी पडते. पण छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी ज्यांना चालू आहे, त्यांच्या बाबतीत ते घेतल्यास रक्तदाब एकदम कोसळून प्राणावर बेतू शकते. दुकानदार हे विचारत नाही. विचारायचे ते आपल्याच विभागात विचारले गेले पाहिजे.

मनाविषयी बोलायचे तर, देहाच्या या तक्रारी आणि मनाची खिन्नता यांत आधी कोण आणि नंतर कोण, हे सांगणे डॉक्टरांनाही कठीण जाते. नैराश्याने इच्छा जाते. इच्छा गेली, नोकरी गेली, मुलाच्या लग्नाचा खर्च कोण करणार, या विचारांनी नैराश्य वाढते. नैराश्य आलेला रुग्ण फार काही बोलत नाही, तो फक्त एक सत्र चुकवतो. मग दुसरे. ‘बस चुकली’, ‘गावाला पाहुणे आले होते’, अशी कारणे आपल्या हजेरीपुस्तकात लिहिलेली असतात. सलग दोन सत्रे चुकवणाऱ्या रुग्णाला दूरध्वनी करताना ‘का आला नाहीत’ असे न विचारता ‘कसे आहात’ असे विचारावे, ही सूचना आमच्या एका ज्येष्ठ तंत्रज्ञांची. ती आम्ही लेखी आदेशात जशीच्या तशी घेतली आहे. एका आजोबांनी या प्रश्नावर उत्तर दिले होते, “कंटाळा आलाय साहेब, यंत्राचा नाही, माझा.” ते आज नियमित येतात. त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडून औषध मिळाले, आणि मुख्य म्हणजे मंगळवार-गुरुवार-शनिवारच्या दुपारी त्यांच्या शेजारी बुद्धिबळ खेळणारा एक विद्यार्थी बसतो.

ज्यांचा विचार सर्वांत शेवटी होतो, त्यांचाही उल्लेख करतो. अविवाहित तरुण रुग्ण. घरचे स्थळे पाहतात, आजार लपवून ठेवा म्हणतात, आणि त्या मुलाला किंवा मुलीला आपण कोणाची तरी फसवणूक करणार या कल्पनेने झोप येत नाही. लपवलेला आजार फिस्टुल्याच्या हातामुळे पहिल्याच रात्री उघड होतो, मग दोन घरे उद्ध्वस्त होतात. दुसऱ्या म्हणजे पतीला मूत्रपिंड देणाऱ्या पत्नी. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने जोडीदाराला जवळचा नातेवाईक मानले आहे आणि आपल्या पाहण्यात देणारा हात बहुतेक वेळा पत्नीचा असतो. प्रत्यारोपणानंतर तब्येत सुधारते, पाळी व प्रजननक्षमता काही महिन्यांत परतू शकते, पुरुषांचेही बरेच प्रश्न हलके होतात. (मूल हवे असल्यास साधारण एक वर्ष थांबावे व औषधे आधी बदलून घ्यावीत, ही डॉक्टरांची सूचना.) तरीही एका रुग्णाने समाजसेविकांना सांगितले की, पत्नीच्या पोटावरचा व्रण दिसला की आपण तिचे देणेकरी आहोत असे वाटते, आणि देणेकऱ्याला नवरा होता येत नाही. हिशेबाच्या कामात आयुष्य गेलेल्या आम्हांला हे वाक्य विसरता येत नाही. त्यांच्या पत्नीला वेगळे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “मला वाटलं, यांना आता मी नकोशी झाले.” पुढे दोघांना एकत्र बसवून बोलणे झाले. सर्व काही सुरळीत झाले असे आम्ही म्हणणार नाही, परंतु ते आता एकमेकांशी भांडतात, असे समाजसेविका समाधानाने सांगतात.

आता व्यवस्थेकडे येतो, कारण आमचे काम तेच. डायलिसिस विभागात खुर्च्या तीन-चार फुटांवर असतात. शेजारी ऐकू जाईल अशा ठिकाणी हा प्रश्न विचारणे म्हणजे न विचारण्यासारखेच. म्हणून भांडारगृहालगतची छोटी खोली मोकळी करून तेथे दोन खुर्च्या, एक टेबल आणि आतून लागणारी कडी एवढी सोय केली. दारावर ‘आहारसल्ला’ अशी पाटी आहे. त्या खोलीत आहारसल्लाही दिला जातो, त्यामुळे पाटी खोटी नाही, आणि आत जाणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही. दर तीन महिन्यांच्या तपासणीच्या पत्रकात झोप, भूक, मनःस्थिती यांच्याच ओळीत ‘दांपत्यजीवनाविषयी काही अडचण’ हा प्रश्न छापला आहे. तो सर्वांना विचारला जातो, सत्तरीच्या रुग्णालाही, कारण साठीनंतर हा विषय संपतो हे परस्पर ठरवण्याचा अधिकार रुग्णालयाला नाही. विधवा, विधुर, एकटे राहणारे यांच्यासाठी शब्द बदलले आहेत. उत्तर न देण्याची मुभा आहे. स्त्रियांना स्त्री कर्मचारी विचारतात. तपशील खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या कागदावर लिहिला जात नाही. नातेवाइकाने मागितला तरी रुग्णाच्या संमतीविना दिला जात नाही, तो नातेवाईक कितीही मोठा देणगीदार असला तरी.

खर्चाविषयी विश्वस्त मंडळात जी चर्चा झाली, ती येथे सांगण्यास अध्यक्ष महोदयांची अनुमती आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिलेल्या योजनेप्रमाणे आपण १० टक्के खाटा निर्धनांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखतो, आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली येणाऱ्या रुग्णांच्या डायलिसिसच्या सत्रांचे पैसे शासनाकडून मिळतात. या कोणत्याही ठिकाणी संभाषणाचा दर लिहिलेला नाही. तेव्हा वैद्यकीय समाजसेविकेचे वाढीव तास आणि समुपदेशकाचे मानधन सर्वसाधारण देणग्यांतून द्यावे लागते. एका सदस्यांनी विचारले की, लोकांनी गोरगरिबांच्या औषधपाण्यासाठी दिलेला पैसा अशा खाजगी बाबींवर खर्च करणे उचित होईल काय? प्रश्न प्रामाणिक होता. अतिदक्षता विभागातील एक दिवस वाचला तरी मानधन वसूल होते, असे उत्तर देणे सोपे होते. आम्ही ते दिले नाही, कारण मग जेथे काहीच वसूल होत नाही तेथे ही सेवा बंद करावी लागेल. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातील पहिली वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली, तेव्हाही औषधाव्यतिरिक्त माणसाला आणखी काही लागते, हेच मान्य केले गेले होते. आणि लैंगिक प्रश्नांवर मराठीत बोलणे अनुचित म्हणावे, तर र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयात उभे राहिले. एवढे सगळे याच भाषेत होऊन गेल्यावर आपल्या रुग्णालयाला एका खोलीचे ओझे वाटू नये, असे आम्ही मंडळास नम्रपणे सांगितले. त्या सदस्यांनीच पुढे ठरावाला अनुमोदन दिले, याची कृतज्ञतापूर्वक नोंद करतो. मंजुरी सध्या एका वर्षापुरती आहे. पद कायम करण्याचा प्रस्ताव येत्या सर्वसाधारण सभेत येईल.

शेवटी माहितीपर दोन गोष्टी. समाजसेविका सोमवार ते शनिवार सकाळच्या व दुपारच्या दोन्ही पाळ्यांत उपलब्ध असतात, समुपदेशक बुधवारी व शनिवारी. आधी नाव नोंदवण्याची गरज नाही, सुई काढून झाल्यावर सिस्टरना ‘आहारसल्ला हवा’ एवढे म्हटले तरी चालेल. जोडीदाराला एकट्याने यायचे असल्यास रुग्णाची सोबत लागत नाही. रात्री-अपरात्री मन फारच उदास झाल्यास केंद्र शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक आहे, तेथे मराठीतून बोलता येते. तो क्रमांक विभागाच्या दाराशी, पाणी मोजण्याच्या तक्त्याखाली मोठ्या अक्षरांत लावला आहे.

दुपारच्या पाळीच्या रुग्णांना आता वजन करण्यासाठी जायचे आहे, म्हणून येथेच थांबतो.